मराठी संगीत रंगभूमीवरील कुमारवयीन कलावंत : श्रम, स्वर आणि संस्था

प्रस्तावना

१९३९ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन चित्रसंस्थेने ‘बेब्ज इन आर्म्स’ हा संगीतप्रधान चित्रपट प्रदर्शित केला. त्याचे दिग्दर्शक बझ्बी बर्कली होते. मिकी रूनी व ज्यूडी गार्लंड या विशीच्या आतील कलावंतांनी त्यात प्रमुख भूमिका केल्या होत्या. बोलपटांमुळे ‘वॉडव्हिल’ या विविधरंजनाच्या रंगमंचाला उतरती कळा लागते. जुन्या नटनट्यांची मुले सरकारी कर्मशाळेत धाडली जाण्याच्या बेतात असतात. अशा वेळी ती एकत्र येऊन स्वतःच खेळ उभा करतात, असे त्याचे कथानक आहे. पडद्यावरचा हा प्रसंग हौसेचा व आनंदाचा वाटतो. मराठी रंगभूमीच्या इतिहासात मात्र कुमारवयीन मुलांनी खेळ उभा करणे हा अपवाद नव्हता. तो व्यवसायाच्या रचनेचाच भाग होता. या मुलांचा विचार आपल्याकडे बहुधा ‘दैवी देणगी’च्या भाषेत झाला आहे. प्रस्तुत लेखात तो श्रम आणि संस्था या अंगांनी करण्याचा प्रयत्न आहे.

कुमार नटांची गरज

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे नवे युग सुरू झाले. स्त्रियांनी रंगमंचावर येणे समाजमान्य नसल्याने नायिकेची भूमिका पुरुषाकडेच जाई. नायिकेला पदे गावी लागत. त्यामुळे उंच पट्टीचा, कोवळा आणि तयार गळा ही नाटक मंडळीची मुख्य गरज बनली. असा गळा लहान वयातच सापडतो. १८८२ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेले भाऊराव कोल्हटकर तेव्हा विशीच्या आतच होते. १९०५ मध्ये त्याच मंडळीत दाखल झालेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, सोळा-सतरा वर्षांचे होते.

कोल्हापूरचे केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे उदाहरण याहून बोलके आहे. घरच्या गरिबीमुळे ते अगदी बालवयात स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’तील शारदेच्या भूमिकेने गाजले. १८९९ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या अल्पवयीन मुलीची व्यथा मांडते. मुलीच्या बालपणाचा सौदा पाहून हळहळणाऱ्या प्रेक्षकांसमोर ती व्यथा गाणारा कलावंतही एक पोटासाठी राबणारे मूलच होते. या विसंगतीकडे त्या काळच्या सुधारणावादी चर्चेचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

मंडळी : घर, शाळा आणि मालक

नाटक मंडळीत दाखल झालेल्या मुलाचे सारे जीवन मंडळीच्या बिऱ्हाडी जाई. पंगत तिथली, निजणे तिथले, तालीम तिथली. गाण्याची तालीम, पाठांतर, शुद्ध उच्चार, स्त्रीवेषातील चालणे-बोलणे हे सर्व शिक्षण त्याला मिळे. शालेय शिक्षण मात्र एका गावाहून दुसऱ्या गावी होणाऱ्या मुक्कामांत मागे पडे. गुरू, पालक आणि मालक या तिन्ही भूमिका एकाच संस्थेकडे असल्यामुळे मुलाच्या वतीने बोलणारे कोणी उरत नसे. ज्यांना पुढे कीर्ती लाभली त्यांची चरित्रे लिहिली गेली. गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’ आणि चिंतामणराव कोल्हटकर यांचे ‘बहुरूपी’ ही आत्मचरित्रे या जगाचे दर्शन घडवितात. परंतु तीही टिकून राहिलेल्यांचीच साक्ष आहे, हे अभ्यासकाने ध्यानी ठेवावयास हवे.

या व्यवस्थेतील कसोटीचा क्षण म्हणजे आवाज फुटण्याचे वय. मंडळीचे उत्पन्न ज्या गळ्यावर अवलंबून, तो गळा निसर्गनियमाने बदलणारच. पुरुषी आवाजात नव्याने गाणे बसवू शकणारे थोडे तरले. केशवराव त्यांपैकी एक होत. बालपणी शारदा गाणाऱ्या या नटाने ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर उभा केला. ज्यांचा आवाज पुन्हा जमला नाही, त्यांची नावे इतिहासात आढळत नाहीत.

स्वतःची मंडळी

या पार्श्वभूमीवर दोन घटना लक्षणीय ठरतात. १९०८ मध्ये हुबळी येथे केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ची स्थापना केली, तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. १९१८ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर (जन्म २९ डिसेंबर १९००) यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. या घटनांचे वर्णन सहसा महत्त्वाकांक्षा किंवा मतभेद असे केले जाते. परंतु ज्याच्या गळ्यावर तिकिटे खपतात त्याने पगारी नट न राहता भागीदार होणे, हा आपल्या श्रमावर हक्क सांगण्याचाही मार्ग होता. मात्र भागीदारीबरोबर कर्ज आणि जोखीमही त्याच कोवळ्या खांद्यांवर आली.

बोलपट आणि पुढची पिढी

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आल्यानंतर नाटक मंडळ्यांचा आर्थिक पाया ढासळला. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगमंचावर उभ्या राहिल्याने स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलांची गरजही ओसरू लागली. बलवंत मंडळीने चित्रपटाकडे वळण्याचा प्रयत्न केला. १९३४ चा ‘कृष्णार्जुन युद्ध’ ही त्याची खूण होय. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथांचे निधन झाले. त्यांची ज्येष्ठ कन्या लता तेव्हा बारा वर्षांची होती. त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात तिने छोटी भूमिका केली आणि कुटुंबाचा भार उचलला. हॉलीवूडने १९३९ मध्ये कल्पिलेली, रंगमंच गमावलेल्या कलावंतांची कमावती मुले तीनच वर्षांनी महाराष्ट्रात प्रत्यक्षात दिसली. फक्त येथे कथेचा शेवट आनंदगीताने होणार नव्हता.

कायद्याची दृष्टी

त्याच १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलावंतांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा झाला. ‘द किड’ (१९२१) मधील बालनट जॅकी कूगन याला मोठेपणी आपली कमाई संपल्याचे आढळून त्याने आई व सावत्र वडिलांवर दावा लावला, हे त्याचे कारण होते. भारतात हा प्रश्न पुष्कळ उशिरा कायद्याच्या कक्षेत आला. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आली; शिक्षणात खंड न पडण्याच्या अटीवर दृक्-श्राव्य मनोरंजनातील बालकलावंतांना त्यातून सूट मिळाली. २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, आणि कमाईचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदतठेवीत ठेवणे बंधनकारक आहे.

निष्कर्ष

मराठी संगीत रंगभूमीचे वैभव मुलांच्या श्रमावर उभे होते, असे म्हटल्याने बालगंधर्व, केशवराव वा दीनानाथ यांची थोरवी उणावत नाही. उलट, त्यांनी कोणत्या परिस्थितीत कला सिद्ध केली हे अधिक स्पष्ट होते. पनवेलसारख्या मुंबईलगतच्या शहरात अध्यापन करताना दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा आणि मालिकांच्या चित्रीकरणाची ओढ विद्यार्थ्यांत सहज जाणवते. अशा विद्यार्थ्याकडे केवळ उपस्थितीपटाच्या किंवा केवळ कौतुकाच्या नजरेने पाहणे पुरेसे नाही. त्याचे शिक्षण, त्याची कमाई आणि आवाज वा प्रसिद्धी ओसरल्यानंतरचे त्याचे आयुष्य यांविषयी विचारणारे कोणीतरी हवे. जुन्या नाटक मंडळीत ती जागा रिकामी होती. आज ती शिक्षकाला भरता येण्यासारखी आहे.