अभिवचन रजा: शब्दावर सुटलेली माणसं

'द शॉशँक रिडेम्प्शन' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात रेड नावाचा कैदी पॅरोल बोर्डासमोर बसतो. समोरचे लोक विचारतात, सुधारलास का? दोनदा नकार येतो, मग एकदाचा होकार. आता मला सांगा, आपल्या वाईतला एखादा माणूस कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये शिक्षा भोगत असेल, तर तो कुठल्या बोर्डासमोर बसतो?

कुठल्याच नाही. महाराष्ट्रात तसं पॅरोल बोर्डच नाही.

मुळात आपला पॅरोल वेगळा आहे. तिकडे पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा बाहेर राहून भोगणं. इंग्लंडमध्ये त्यासाठी 1967च्या कायद्याने बोर्ड आलं. आपल्याकडे पॅरोल म्हणजे सुट्टी, थोड्या दिवसांची. मुदतीआधी कायमचं सोडायचं की नाही, हे राज्य सरकार ठरवतं.

ही सुट्टी चालते 1959च्या नियमांवर. त्यात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. सुट्टीचे प्रकार दोन. पहिली फर्लो, म्हणजे संचित रजा. ठरावीक शिक्षा भोगली की ती कारण न सांगता मागता येते, आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. दुसरी पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा. घरात आजारपण असलं, अडचण आली, तर ही मागायची. ते दिवस मात्र शिक्षेत धरत नाहीत.

आता आपल्या वाईकराचा अर्ज कसा फिरतो बघा. अर्ज जेलमधून निघतो. फर्लो असेल तर कारागृह उपमहानिरीक्षकांकडे, पॅरोल असेल तर पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे. मध्ये वाई पोलिसांचा अहवाल लागतो: हा गावात आला तर शांतता बिघडेल का? घरचं कुणीतरी जामीन राहायला लागतं. म्हणजे सगळं कागदावर. रेडला निदान समोर बसून बोलता तरी आलं. इथे माणूस जेलमध्ये, आणि त्याच्याबद्दलचं मत दुसऱ्याच टेबलावर. अहवाल रेंगाळला, तर आईचं ऑपरेशन काही त्यासाठी थांबत नाही.

पण आपल्याच भागात कधीकाळी याच्या उलटं करून पाहिलं होतं. औंध संस्थान आठवतंय ना? राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब, आणि मूळचे वॉर्साचे इंजिनियर मॉरिस फ्रिडमन, म्हणजेच भारतानंद. 1939 साली आटपाडीजवळ त्यांनी कैद्यांची वसाहत उभी केली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर! भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैद्याने बायकापोरांसोबत राहायचं आणि शेती करायची. पळून जाणं सोपं होतं. त्याला धरून ठेवणारा होता फक्त त्याचा शब्द.

आटपाडी तालुक्यातल्या माडगूळच्या गदिमांनी याच प्रयोगावरून कथा लिहिली, आणि व्ही. शांताराम यांनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. 1948 साली औंध संस्थान विलीन झालं. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. वसाहत मात्र टिकली, राज्याच्या कारागृह विभागाकडे.

गंमत म्हणजे 'पॅरोल' हा फ्रेंच शब्द, आणि त्याचा अर्थच मुळी 'शब्द', दिलेलं वचन. आपलं सरकारी 'अभिवचन'ही तेच सांगतं.

या शब्दाची परीक्षा 2020च्या मे महिन्यात झाली. कोरोनात जेलमधली गर्दी कमी करायला तातडीच्या पॅरोलचा नियम आला. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असेल, तर आधीच्या दोन सुट्ट्यांवरून वेळेवर परतलेला असावा, अशी अट होती. वाचायला बरोबर वाटते. पण ज्याला कधी सोडलंच नाही, त्याने वेळेवर परतल्याचा पुरावा आणायचा कुठून? हा वाद मुंबई हायकोर्टापर्यंत गेला.

बोर्ड हवं की नको, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. सुटलेला माणूस पुन्हा गुन्हा करेल, ही भीती खोटी नाही, आणि पीडिताच्या घरच्यांना ती जास्त जाणवते. म्हणूनच निर्णय घेणाऱ्याने माणूस समोर बसवून ऐकावा, आणि नकार दिला तर कारण वेळेत सांगावं. स्वतंत्रपूरने आधी विश्वास ठेवला, मग हिशोब मागितला. आपले नियम आधी हिशोब मागतात. विश्वासाची पाळी कधी येते, ते त्या कागदाच्या वेगावर ठरतं.