पेनांगचे हॉटेल आणि हाजींची गल्ली

मलेशियातील पेनांग बेटावर सुट्टीला जाणाऱ्यांना 'ईस्टर्न अँड ओरिएंटल' या हॉटेलाचे नाव हमखास सुचवले जाते. जॉर्ज टाऊन शहरात समुद्राला अगदी लागून असलेले हे आलिशान हॉटेल १८८०च्या दशकात सार्कीज बंधूंनी सुरू केले. हे बंधू इराणमधील इस्फहानचे आर्मेनियन. सिंगापूरचे रॅफल्सही त्यांचेच. सॉमरसेट मॉम, हर्मन हेसे असे लेखक पेनांगच्या या हॉटेलात राहून गेले. माहितीपत्रकातला इतिहास साधारण इथेच संपतो.

पण हे बेट इंग्रजांकडे आले कसे? केदाहच्या सुलतान अब्दुल्लाहला सयामविरुद्ध लष्करी मदत हवी होती. त्या आशेवर त्याने १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटला पेनांगमध्ये पाय ठेवू दिला. ईस्ट इंडिया कंपनीने मदत काही दिली नाही. १७९१ मध्ये सुलतानाने बेट परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. अखेर वर्षाला ६,००० स्पॅनिश डॉलरवर त्याला बेट सोडावे लागले.

पुढे बंदर भरभराटीला आले ते तमिळ मुसलमान, चिनी, आचेनी व्यापारी आणि हमालांच्या जिवावर. हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनीही इथे रस्ते बांधले. तमिळ मुसलमानांचे पुढारी कादर मोहिउद्दीन यांनी १८०१ मध्ये उभारलेली कपितान केलिंग मशीद आजही नांदती आहे. जवळच आचे गल्ली आहे. आगबोटींच्या काळात सुमात्रा, मलाया आणि दक्षिण सयामचे हाजी जहाजाची वाट पाहत याच गल्लीत मुक्काम करत. तिकीट, शिधा, पथारी सारे तिथेच मिळे. लोक तिला 'दुसरी जेद्दा' म्हणत. मुंबईचे मुसाफिरखाने ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही गल्ली परकी वाटणार नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी पेनांगवर बॉम्ब टाकले. इंग्रज अधिकाऱ्यांनी युरोपियनांना गुपचूप बेटाबाहेर काढले आणि स्थानिकांना वाऱ्यावर सोडले. शहरावरचा मारा थांबावा म्हणून किल्ल्यावरचा ब्रिटिश झेंडा उतरवला तो सरवणमुत्तू या तमिळ संपादकाने. राज्यकर्त्यांच्या शब्दावर विसंबल्याची किंमत आधी केदाहच्या सुलतानाने मोजली होती, दीडशे वर्षांनी ती सामान्य रयतेने मोजली.

युनेस्कोने २००८ मध्ये जॉर्ज टाऊनला जागतिक वारसा म्हटले ते एका हॉटेलासाठी नव्हे. मशिदी, मंदिरे, चिनी कुलगृहे आणि त्यांच्यामधल्या गल्ल्या मिळून हा वारसा झाला आहे. ऐपत असेल तर सार्कीजांच्या हॉटेलात जरूर उतरा. मात्र एक सकाळ आचे गल्लीसाठी राखून ठेवा. हॉटेलातून तिथे पायी जाता येते.