वोबर्नची माती आणि लंडनचे सोनखत

मैल्याच्या खताला आपल्या भाषेत ‘सोनखत’ असे मानाचे नाव आहे. आजचा धागा अशाच एका सोनखताचा आणि त्याचा हिशेब चाळीस वर्षे जपून ठेवणाऱ्या मातीचा.

साल १९४२. इंग्लंड महायुद्धात गुंतलेले. भाजीपाल्याच्या मळ्यांना शेणखताची टंचाई भासत होती. शहरांतले घोडे गेले, तशी लीदही गेली. पर्याय शोधण्यासाठी रॉथॅमस्टेड या कृषिसंशोधन संस्थेने बेडफर्डशरमधील वोबर्न येथे एक प्रयोग मांडला. तेथील रेताड जमिनीत काही वाफ्यांना शेणखत मिळाले, काहींना लंडनच्या पश्चिमेकडील मैलाशुद्धीकरण केंद्रातला गाळ, तर काहींना तोच गाळ पेंढ्यासह कुजवून केलेले कंपोस्ट. १९६१ पर्यंत हा गाळ मातीत पडत राहिला.

कंपोस्टचा ढीग तापतो, त्यात रोगजंतू मरतात, दुर्गंधी जाते. पण जस्त, तांबे, निकेल, कॅडमियम कुजत नाहीत. मैल्याबरोबर कारखान्यांचे सांडपाणीही गटारात येत होते. त्यातले हे धातू गाळात उतरले आणि गाळातून वाफ्यांत.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा अशी गोष्ट. रॉथॅमस्टेडने जुन्या मातीचे नमुने जतन करून ठेवले होते. आपण दप्तरखान्यात रुमाल सोडतो, तसे या संशोधकांनी मातीचे नमुने उघडले आणि धातूंचा साठा कसा वाढत गेला ते मोजले.

मातीतल्या सूक्ष्मजीवांचे एकूण वजन मोजण्याची युक्ती याच संस्थेत डेव्हिड जेन्किन्सन आणि डेव्हिड पॉल्सन यांनी १९७६ मध्ये मांडली होती. मातीला क्लोरोफॉर्मची धुरी द्यायची, जीव मारायचे. मग त्या मृत देहांवर नवे जीव पोसले जातात, तेव्हा बाहेर पडणारा जादा कार्बन डायऑक्साइड मोजायचा. १९८४ मध्ये फिलिप ब्रुक्स आणि स्टीव्ह मॅग्रा यांनी वोबर्नच्या मातीला ही कसोटी लावली. शेवटचा गाळ पडून वीस वर्षे उलटली होती, तरीही गाळाच्या वाफ्यांतील सूक्ष्मजीव शेणखताच्या वाफ्यांच्या सुमारे निम्मेच भरले. डीहायड्रोजनेज हे विकर जिवंत पेशींच्या श्वसनाची खूण मानले जाते; धातूयुक्त मातीत तेही मंदावलेले आढळले. सेंद्रिय द्रव्य भरपूर, पण ते खाणारे अर्धे. वरून पाहणाऱ्याला अशी माती कसदारच वाटणार!

पुढचा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. या मातीत पांढरे क्लोव्हर हे द्विदल गवत लावले. निरोगी द्विदल रोपाच्या मुळांवरील गाठी गुलाबी असतात आणि त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात. इथे गाठी होत्या, पण बारीक आणि पांढऱ्या. १९८९ मध्ये केन गिलर, मॅग्रा आणि पेनी हर्श यांनी कारण दाखवले: धातूंच्या माऱ्यात तगलेले रायझोबियम गाठी करत होते, नत्र मात्र बांधत नव्हते.

युरोपीय समुदायाने शेतात गाळ वापरण्याचे नियम १९८६ मध्येच केले होते. ब्रिटनमध्ये मात्र १९९३ साली तज्ज्ञसमितीने सुचवले, की जस्ताची मर्यादा किलोभर मातीत २०० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणावी. या शिफारशीमागे चिंता होती ती रायझोबियमची.