हैदराबादचें परराष्ट्रखातें

हैदराबाद संस्थानाला स्वतःचें नाणें होतें, टपाल होतें, रेल्वे होती, फौजहि होती. नव्हतें तें परराष्ट्रीय धोरण. १७९८ व १८०० सालच्या तहांनीं निजामानें कंपनी सरकारची तैनाती फौज पत्करली, आणि इतर सत्तांशीं परस्पर बोलणें करण्याचें स्वातंत्र्य घालविलें. पुढें १९२५ सालीं, वऱ्हाडच्या वादांत, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनीं आपण इंग्रज सरकारच्या बरोबरीचे आहों असें लिहिलें. परंतु परराष्ट्रीय बाबी त्यांनीं स्वतःच त्यांतून वगळल्या होत्या. २७ मार्च १९२६ रोजीं लॉर्ड रीडिंग यांनीं उरलेला दावाहि फेटाळून लावला.

अशा राज्यानें जून १९४७ मध्यें फर्मान काढून, इंग्रज जातांच आपण सार्वभौम होणार, असें जाहीर केलें. राज्य सुमारें ८२ हजार चौरस मैलांचें. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या १ कोटी ६३ लक्ष. युरोपांतील कित्येक स्वतंत्र राष्ट्रें याहून लहान आहेत. मग उणें काय होतें? समुद्रकिनारा नव्हता, परकीय राष्ट्रांची मान्यता नव्हती, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे प्रजेची संमति नव्हती.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजीं भारत सरकारशीं एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. इंग्रजांच्या वेळीं परराष्ट्रसंबंधांची जी व्यवस्था होती, तीच तूर्त चालावयाची होती. भारताचे एजंट-जनरल म्हणून कन्हैयालाल मुनशी हैदराबादेस आले. इकडे लायक अली यांच्या मंत्रिमंडळानें पाकिस्तानास २० कोटी रुपयांचे रोखे कर्जाऊ देऊं केले. भारतानें तो करारभंग मानला. लंडनमध्यें मीर नवाज जंग हे संस्थानाचे एजंट-जनरल होते. २१ ऑगस्ट १९४८ रोजीं हैदराबादनें सुरक्षा समितीकडे तक्रार पाठविली, आणि मोईन नवाज जंग शिष्टमंडळ घेऊन पॅरिसला गेले.

१६ सप्टेंबरला समितीनें विषय चर्चेस घेतला, तेव्हां भारतीय फौजा संस्थानांत शिरून तीन दिवस झाले होते. १७ तारखेस निजामांनीं युद्ध थांबविलें, आणि २२ तारखेस तार करून तक्रार मागें घेतली. हैदराबाद हें ‘राष्ट्र’ होतें कीं नव्हतें, या प्रश्नाचा निकाल समितीनें कधींच दिला नाहीं.

पॅरिसच्या दरबारीं जें ठरलें नाहीं, तें मराठवाड्याच्या सीमेवर आधींच ठरलें होतें. हिमायतनगराचें, म्हणजे जुन्या वाढोण्याचें, उदाहरण घ्यावें. तेथून उत्तरेस पैनगंगा, आणि पलीकडे वऱ्हाड. निजामांचे वडील चिरंजीव हिमायत अली खान यांना १९३६ च्या करारानंतर ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब होता; पण त्या वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्याच हातीं होता. १९४७-४८ सालीं मात्र रझाकारांच्या जाचानें त्रस्त झालेलीं कुटुंबें सरहद्द ओलांडून आश्रयासाठीं त्याच वऱ्हाडांत गेलीं. ज्या राज्याची प्रजाच सीमेपलीकडे अभय शोधते, त्याच्या वकिलाचें म्हणणें परक्या दरबारीं किती वजनदार ठरणार?

लंडनच्या वकिलातीनें एक प्रश्न तेवढा मागें ठेविला. सप्टेंबर १९४८ मध्यें तेथील बँकेंतून सुमारें १० लक्ष पौंड पाकिस्तानच्या हायकमिशनरांच्या नांवें वळविण्यांत आले. त्या रकमेचा निवाडा लंडनच्या न्यायालयानें २ ऑक्टोबर २०१९ रोजीं, भारत आणि निजामांचे वारस यांच्या बाजूनें दिला. तोंवर ती सुमारें ३५० लक्ष पौंड झाली होती. राज्य गेलें, परराष्ट्रखातें गेलें. त्याचा हिशेब मात्र ७१ वर्षें चालला.