दोन चाके, चार चाके आणि एक रस्ता

पुण्याच्या बोलचालीत ‘गाडी’ म्हटले की आजही पुष्कळदा स्कूटर किंवा मोटारसायकलच अभिप्रेत असते. मोटारीचा निर्देश करायचा तर ‘फोर-व्हीलर’ असा वेगळा शब्द योजावा लागतो. भाषेने सामान्यनामाचा मान दुचाकीला दिला. रस्ता मात्र मोटारीच्या मापाने घडत गेला. मोटारचालक आणि दुचाकीस्वार यांच्या वैराची चर्चा आपल्याकडे बहुधा स्वभावाच्या अंगाने होते. एक बेशिस्त, दुसरा मग्रूर, असा निवाडा परस्परांविषयी तयारच असतो. आमच्या मते या वैराचे मूळ रस्त्याच्या वाटणीच्या इतिहासात शोधावयास हवे.

एकेकाळी सायकलींचे म्हणून ओळखले जाणारे पुणे पुढे स्कूटरचे शहर झाले, त्यास परवाना-पद्धतीची पार्श्वभूमी आहे. १९७२ साली बजाजची ‘चेतक’ आली आणि ती मिळावी म्हणून मध्यमवर्गीय कुटुंबे नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबली. मोटार ही तेव्हा मोजक्यांची मिरास होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९१ च्या उदारीकरणानंतर वाहनकर्जे सुलभ होत गेली, आणि त्याच कुटुंबांपैकी अनेक जण मोटारीत जाऊन बसले. आज रस्त्यावर समोरासमोर येणारे हे दोन पक्ष पुष्कळदा एकाच घरातले असतात.

दुचाकीस्वाराच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाला या काळात प्रामुख्याने तीन उत्तरे दिली गेली. पहिले कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ ने हेल्मेट बंधनकारक केले. त्यावरून पुण्यात झालेले वाद सर्वश्रुत आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सक्तीची अंमलबजावणी पुन्हा सुरू झाली, तेव्हाही विरोध झालाच. हेल्मेट प्राण वाचवते याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तथापि या वादात दोन्ही पक्ष डोक्याविषयीच बोलत राहिले. ते डोके ज्या रस्त्यावर आपटते, त्याचा विचार मागे पडला.

दुसरे उत्तर रस्तेबांधणीचे. २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. तिने जुन्या महामार्गाने, ट्रक आणि एसटीच्या सोबतीने जावे. तिसरे उत्तर बाजारपेठेचे. स्कूटरवरून जाणारे अख्खे कुटुंब पाहून आपणांस स्वस्त मोटारीची कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. जानेवारी २००८ मध्ये नॅनोचे अनावरण झाले. पुढे तिचे उत्पादन बंद पडले.

या तिन्ही उत्तरांतून एक समान सूत्र हाती लागते. दुचाकीस्वाराने चिलखत घालावे, वाट सोडावी, अथवा स्वतःच मोटारचालक व्हावे. मोटारीने काही बदलावे, असे यांपैकी एकाही उत्तरात नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील ४४ टक्क्यांहून अधिक होती. मोटार, टॅक्सी आणि तत्सम हलक्या वाहनांतील सुमारे साडेबारा टक्के. रस्त्यावर दुचाकींची संख्या मोठी, हे खरेच. परंतु धडक झाली असता एकाच्या गाडीला पोचा येतो आणि दुसऱ्याचे हाड मोडते, हेही तितकेच खरे. दुचाकीस्वाराने उलट्या दिशेने येणे, सिग्नल तोडणे याचे समर्थन आम्ही करीत नाही. मात्र ज्याच्या हातून अधिक हानी होऊ शकते त्याने अधिक जपावे, हा साधा न्याय आपल्या वाहतूकविषयक चर्चेत क्वचितच ऐकू येतो.

म्हणून वादाची जागा बदलली पाहिजे, असे आम्हांस वाटते. वळणाआधी आरशात पाहणे, दार उघडण्यापूर्वी मागे नजर टाकणे, दुचाकीला ओलांडताना बाजूला पुरेशी जागा सोडणे, या गोष्टी मोटारचालकाच्या परवाना-परीक्षेत हेल्मेटइतक्याच सक्तीच्या असाव्यात. ज्यांनी कधीकाळी स्कूटरवर पुढे एक आणि मागे एक मूल घेऊन पावसातून घर गाठले आहे, त्यांना यामागचे कारण समजावून सांगण्याची गरज पडू नये.