वर्ध्याचे राजकारण : स्वातंत्र्यवादी की परंपरावादी?

सरकारी हस्तक्षेप झुगारणारा शेतकऱ्यांचा मुलूख की जुने वळण न सोडणारा प्रदेश? वर्धा जिल्ह्याच्या राजकीय पिंडाविषयी अशी दोन मते आढळतात.

पहिल्या मताला आधार कापसाचा आहे. १९७२ पासून राबविलेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत शेतकऱ्यास खासगी व्यापाऱ्याला कापूस विकण्याची मुभा नव्हती. शरद जोशी यांनी १९७९ मध्ये स्थापलेल्या शेतकरी संघटनेला विदर्भात मोठा प्रतिसाद मिळाला. बाजारपेठेचे व तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागत त्यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. वर्ध्याची लोकसभेची जागा मात्र या पक्षाला कधीच मिळाली नाही. ती १९९१ मध्ये माकपचे रामचंद्र घंगारे यांनी, तर २०१४ व २०१९ मध्ये भाजपचे रामदास तडस यांनी जिंकली. २०२४ मध्ये ती राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे अमर काळे यांच्याकडे गेली.

आणीबाणीनंतर १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली, वर्ध्यातून मात्र काँग्रेसच निवडून आली. पवनारच्या विनोबांचे ‘अनुशासन पर्व’ हे शब्द तर अद्याप वादाचा विषय आहेत.

गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहावयास आले. त्यांच्या वारशामुळे १९७४ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली, तेव्हाही वर्ध्याची कायम राहिली. चोरट्या विक्रीची ओरड जुनीच. तरीही या बंदीला केवळ परंपरावाद म्हणणे अपुरे ठरते. दारूविरोधात येथे प्रामुख्याने स्त्रियाच उभ्या राहिल्या. कापसाला मोकळीक आणि दारूला मज्जाव, या दोन्ही मागण्या अनेकदा एकाच घरातून आल्या.