उशीर कामी आला : क्लिस्ट्रॉनची जन्मकथा

बालाघाटच्या आठवडी बाजारातून परतणारी मंडळी एकामागून एक वैनगंगेच्या पुलाकडे निघतात. आधी निघालेल्यांनी चाल थोडी मंदावली आणि मागून निघालेल्यांनी पाय उचलला, तर विखुरलेली माणसे पुलाशी एकाच वेळी पोहोचतील. कोणालाही न अडवता, केवळ चालीतील फरकाने थवा जमेल. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत असेच करण्याला ‘व्हेलॉसिटी मॉड्युलेशन’, म्हणजे वेगात लयबद्ध फेरबदल, असे म्हणतात.

ही कल्पना एका अडचणीतून जन्मली. जुन्या रेडिओ-नळीत इलेक्ट्रॉनांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला अत्यल्प वेळ लागे. साध्या रेडिओलहरींसाठी तो नगण्य होता. परंतु सेकंदाला अब्जावधी आंदोलने करणाऱ्या सूक्ष्मतरंगांत इलेक्ट्रॉन वाटेत असतानाच संदेशाची दिशा पालटे. हा उशीर टाळण्यासाठी नळ्या लहानात लहान करण्याची खटपट चालू होती.

१९३५ साली ऑस्कर आणि अग्नेसा हाइल या दांपत्याने उलट मार्ग सुचविला : प्रवासाचा वेळ टाळण्याऐवजी वापरावा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल आणि सिगर्ड या व्हेरियन बंधूंनी १९३७ च्या ऑगस्टमध्ये हेच तत्त्व यंत्रात उतरविले. विल्यम हॅन्सन यांची तांब्याची पोकळ अनुनाद-पेटी त्यांना उपयोगी पडली. पहिल्या पेटीतून जाताना काही इलेक्ट्रॉन मंदावतात, काही वेगावतात. पुढील मोकळ्या वाटेत त्यांचे पुंजके बनतात आणि दुसऱ्या पेटीत ते आपली ऊर्जा लहरींना देतात. या नळीचे नाव क्लिस्ट्रॉन. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांशी संबंधित असलेल्या ग्रीक क्रियापदावरून ते घेतले आहे.

सिगर्ड वैमानिक होते. अंधारात आणि खराब हवामानात विमान कसे ओळखावे, ही त्यांची चिंता होती. रसेल यांना शाळेत वाचन जड जाई, आणि याच विद्यापीठाने त्यांना पीएच.डी.साठी प्रवेश नाकारला होता. पुढे दोघांना तेथे विनावेतन काम करण्याची मुभा मिळाली. साहित्यासाठी वर्षाला १०० डॉलर मंजूर झाले.

युद्धकाळात क्लिस्ट्रॉन रडारच्या ग्राहकयंत्रांत वापरले गेले. १९६६ साली सुरू झालेल्या स्टॅनफर्डच्या सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या कणत्वरकाला अशा सुमारे २४० नळ्यांनी शक्ती पुरविली.

आमच्या राज्यातही ही कथा पोहोचली. इंदूरमध्ये १९८४ साली पायाभरणी झालेल्या, आज राजा रामण्णा यांचे नाव धारण करणाऱ्या केंद्रात इंडस-१ (१९९९) आणि इंडस-२ (२००५) ही सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोत यंत्रे उभी राहिली. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देण्यासाठी प्रारंभी क्लिस्ट्रॉन होते. परदेशी नळ्यांवर विसंबून राहणे जोखमीचे असल्याने तेथील अभियंत्यांनी पुढे ट्रान्झिस्टरांच्या अनेक लहान प्रवर्धकांची शक्ती एकत्र करणारी यंत्रणा स्वतः घडवून त्यांची जागा भरून काढली. पिलानीच्या ‘सीरी’ संस्थेनेही देशातच क्लिस्ट्रॉन घडविण्याचे काम केले.

शासकीय सेवेत आम्ही आयुष्यभर दिरंगाईला दोषच मानत आलो, आणि फायलींच्या बाबतीत ते मत आजही बदललेले नाही. परंतु निसर्गातला उशीर शिक्षेने कमी होत नाही. तो मोजावा लागतो, समजून घ्यावा लागतो, मग तोच कामी येतो. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाबद्दलही शिक्षकांनी एवढी चिकित्सा करावी. आमच्या जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. त्या तांब्याची पेटी काय करू शकते, हे जिल्ह्यातल्या मुलांना कोणीतरी सांगायलाच हवे. कोणाचे ‘मागे पडणे’ कोणत्या नव्या कल्पनेची सुरुवात आहे, हे प्रवेश नाकारणाऱ्यांना १९३७ पूर्वी तरी कळले नव्हते.